खांदेबाईचे तीन श्वास

व्हायोलिनच्या शाळेत तिला सगळे खांदेबाई म्हणत, आणि तोंडावरच म्हणत. वर्गात पाऊल टाकलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "खांदे खाली." मग मुलं वाद्यं पेटीत ठेवून खुर्चीवर बसायची नि उठायची, पुन्हा बसायची नि उठायची. पालक कुरकुरत, "वाजवायला पाठवली पोरं, ही बया उठाबशा काढून घेते."

हे खूळ तिला उगीच लागलं नव्हतं. तरुणपणी तिचे गुरुजी सांगायचे, दुखतंय म्हणजे रियाज होतोय. तिने मुकाट ऐकलं. तिसाव्या वर्षी उजवा हात असा आखडला, की वेणीसुद्धा धाकटी बहीण घालून द्यायची. पुढची पाच वर्षं ती नुसतं बसायला, उभं राहायला, मान सैल सोडायला शिकली. मग स्वतः रचना बांधायला लागली. प्रत्येक रचनेत मधेमधे लिहिलेलं असे: इथे वाद्य मांडीवर, तीन श्वास.

शाळेच्या कार्यक्रमात मुलं तिचीच एक रचना वाजवणार होती. आदल्या दिवशी ती तालमीला गेली, तर तिच्या बहिणीची मुलगी कोपऱ्यात अंगठा चोळत बसलेली.

"दाखव."

"काही नाही गं मावशी, जरा बधिर झालाय."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. प्राचार्य सर म्हणाले, कार्यक्रम झाला की जाईल."

समोरच्या रचनेच्या कागदावर प्रत्येक 'तीन श्वास'वर लाल पेन्सिलीची काट होती. खांदेबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, मधेच वाद्य खाली ठेवलं की लोकांना वाटतं पोरं विसरली," प्राचार्य म्हणाले. "अर्ध्यातच टाळ्या वाजवून मोकळे होतात."

"लोकांचं राहू द्या. तुम्ही धरा हे." तिने भाचीचं व्हायोलिन त्यांच्या हनुवटीखाली दिलं. "वाजवू नका, नुसतं धरा. तुमच्या काटछाटीनंतर रचना अकरा मिनिटांची आहे."

चौथ्या मिनिटाला सरांचं कोपर लोंबायला लागलं. पाचव्याला ते म्हणाले, "बाई, पुरे."

"अजून सहा आहेत. आणि पोरं वाजवतातसुद्धा, त्यातून."

"मावशी," भाची हळूच म्हणाली, "तुझे खांदे कानाला लागलेत."

पोरं फिदीफिदी हसली. तिने खांदे खाली सोडले. राग मात्र होता तसाच राहिला. तो काही खांद्यात नसतो. तिने सरांच्या हातात खोडरबर ठेवलं.

"पुसा. सगळ्या पुसा." मग ती भाचीकडे वळली. "आणि तू उद्या वाजवायचं नाहीस."

"पण मावशी, त्यात माझा एकटीचा तुकडा आहे."

"असू दे. तेवढा वेळ सगळे श्वास घेतील."

भाचीने व्हायोलिनची पेटी धाडकन बंद केली.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा आला तेव्हा वीस वाद्यं मांडीवर उतरली. भाची मंचाच्या कडेला मावशीशेजारी बसून अंगठा कुरवाळत होती. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टाळी वाजवायला हात उचलले. खांदेबाईने मान वळवून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हात होते तिथेच राहिले, मग हळूच मांडीवर उतरले.