दारात कोंबलेलं सूत

माझे बाबा लग्नाआधीपासून भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. लूम सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यातली माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. बाबांचं काम सुटलं, पण कान काही परत मिळाले नाहीत. घरात दोघं एकदम बोलायला लागले, नाहीतर मिक्सर सुरू झाला, की ते नुसते हसून मान डोलवतात. एक अक्षर कळलेलं नसतं. त्या मान डोलवण्याची मला भारी चीड येते.

आई धवले गाते. आमच्याकडे लग्नात हळदीपासून बायका जी गाणी म्हणतात ते धवले. हल्ली हळदीला डीजे लागतो, त्यामुळे तिला कोणी फारसं बोलवत नाही. मावशीच्या घरच्या लग्नात मी तिचं गाणं फोनवर भरून घेतलं, का तर ते बाबांनी एकदा नीट ऐकावं. एवढी वर्षं एकाच ताटातलं खाणाऱ्या माणसाला बायकोचा आवाज माहीत नसावा, हे काही मला पटेना. हेडफोन दिले तर म्हणाले, "कानात कोनी बोटा घातल्यासारखा वाटतं." काढून ठेवले.

मग उरली गाडी. मी राहनाळच्या एका गोदामात मालाच्या गाड्या रवाना करायचं काम बघते. जाण्यायेण्यासाठी जुनी गाडी घेतलेली. रविवारी बाबांचे गुडघे शेकायला आम्ही तिघं अकलोलीच्या गरम कुंडांवर जातो. वाटेत तासभर त्यांना गाडीतून हलता येत नाही, म्हणजे श्रोता पक्का. मी दारांत चांगले स्पीकर बसवून घेतले. पण भरून घेतलेल्या गाण्यात आईने तोंड उघडलं रे उघडलं की दाराचा पत्राच तिच्या वर आवाज काढायचा. बाबांनी हसून मान डोलवली. माझं टाळकं सरकलं.

"दार खडखडतंय, बाबा!" मी ओरडले.

"मग सांगाचं ना. जिथं वाजतं तिथं चिंधी कोंबाची," बाबा म्हणाले.

लूमचा कुठलाही भाग खडखडला की त्याच्याखाली चिंधी सारायची, ही त्यांची आयुष्यभराची विद्या. दुसऱ्या दिवशी ते जुन्या कारखान्यातून वाया गेलेल्या सुताचं पोतं घेऊन आले. आम्ही बापलेकीने दारांची आतली पॅनेलं उघडली आणि गादी भरावी तसं सूत ठासून भरलं. खडखड खरंच थांबली. मी सोसायटीभर मिरवले.

मग मी गाडी धुतली. सकाळी कामावर निघताना काच खाली केली, ती वर येईना. सूत काचेच्या यंत्रात गुंडाळलं गेलं होतं, आणि भिजलेल्या दारातून कुबट वास सुटला होता. भिवंडीत राहून सुताने दगा दिला, आता बोला!

कल्याण नाक्याकडच्या गाडी सजवणाऱ्या दुकानातल्या कारागिराने दार उघडलं आणि ओल्या सुताचे लगदे बाहेर काढत तो हसायलाच लागला. "अंकल, दरवाज़े में पानी तो आता ही है. निकलेगा किधर से?"

बाबांनी त्याचे ओठ वाचले. "हमारे लूम में तो चलता था," ते ऐटीत म्हणाले.

त्याने आतला पत्रा पुसून कोरडा केला. पाठीला चिकट डांबरासारखा थर असलेल्या जाड चंदेरी पट्ट्या त्यावर रोलरने दाबून बसवल्या. मोठी भोकं बंद केली, पाणी वाहून जायची खालची भोकं मात्र मोकळी ठेवली. मग गाणं लावलं आणि बाबा उठून दारावर तळहात ठेवून फिरले, लूमवर ठेवायचे तसाच. हँडलपाशी थांबले. "इधर काँपता है." तिथे एक क्लिप ढिली निघाली. दोघं जुने दोस्त असल्यासारखे मान हलवत होते. दार लावलं तेव्हा पूर्वीच्या टणत्काराऐवजी लाकडी कपाटासारखा भरीव आवाज आला, आणि मला उगाचच रडू यायला लागलं.

रविवारी अकलोलीच्या वाटेवर मी आईचा धवला लावला. ट्रकांची घरघर बाहेर होती, पण आता ती दूर वाटत होती. बाबांनी सवयीने दारावर हात ठेवला. थोड्या वेळाने तो काढून मांडीवर घेतला.

"पुना लाव," ते म्हणाले.

मी पुन्हा लावला. मागच्या सीटवरून आई लाजून म्हणाली, "अवो, फोनवरचं काय आयकताव? मी हाय ना हितं."

"मग गा की."

मी गाडी झाडाखाली घेतली, इंजिन बंद केलं, काचा वर केल्या. एवढा खटाटोप करून बसवलेले स्पीकरही बंद केले. आई आधी आढेवेढे घेत राहिली, मग गायला लागली. बाबा मागे वळून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले. मी घाबरले. डोळे मिटलेल्या बाबांना आजवर काहीच कळलेलं नव्हतं.

गाणं संपलं. बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "शेवटाला आवाज जरा कापतो तुजा."

आई थक्क झाली. "आन् मग इतकी वर्सा लग्नात मान कशाला डोलवत व्हताव?"

"तुजं ओठ पाठ हायेत मना," बाबा म्हणाले. "आवाज आज आयकला."

आईने पदराने तोंड पुसलं, घसा खाकरला आणि दुसरा धवला सुरू केला. कुंडावर पोचायला त्या दिवशी आम्हाला फार उशीर झाला.