पोस्टमनच्या चिठ्ठ्यांचा क्रम

मी श्रीनिवास आठल्ये, वाणिज्य शाखेचा पदवीधर, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अधिकारी. श्रीमती कुमुदताई वाळिंबकर यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहिण्यात माझे दोन हेतू आहेत: त्यांचा गौरव करणे, आणि त्यांनी स्वतःवर घेतलेली एक चूक माझ्या नावावर करून घेणे.

जुन्या दिल्लीच्या इतिहासाला वाहिलेल्या आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी प्रथम गेलो तो वाचक म्हणून. एक जुना नकाशा मी मूळच्याच घड्या घालून परत केला, एवढ्यावरून ग्रंथपाल कुमुदताईंनी मला शनिवारच्या कामाला जुंपले.

पहिलेच काम एका दिवंगत पोस्टमनच्या चिठ्ठ्यांचे होते. आपल्या फेरीतल्या प्रत्येक घराची त्याने एक चिठ्ठी लिहून ठेवली होती: घरमालकाचे नाव आणि घराची खूण. "नुसती धूळ झटका, बाकी आहे तसं राहू द्या," असे कुमुदताईंनी बजावले होते. मला मात्र ती अव्यवस्था वाटली. चार शनिवार खपून मी चिठ्ठ्या आडनावांच्या वर्णक्रमाने लावल्या आणि अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी पहिली वाचली: 'मागच्या घरासमोर'. दुसरी: 'त्याला लागून'. पत्ता कुठेच नव्हता. पोस्टमनच्या फेरीचा क्रम हाच पत्ता होता, आणि तो मी मोडला होता.

"आठल्ये, काम फार नीटनेटकं झालंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता ते विस्कटायला हवं."

ग्रंथालयाच्या समितीने जाब विचारला तेव्हा, सूचना द्यायला आपणच विसरलो, असे त्यांनी सांगितले.

मग दर रविवारी सकाळी चिठ्ठ्यांच्या प्रती घेऊन आम्ही गल्ल्या पालथ्या घालू लागलो. एका गल्लीत क्रम काही केल्या जुळेना. पुस्तके बांधणारे एक वयोवृद्ध गृहस्थ दुकानातून आमची धडपड पाहत होते. शेवटी त्यांना राहवले नाही. "बहनजी, डाकिया तो उस तरफ़ से आता था."

कुमुदताई माझ्याकडे वळल्या. "चलो आठल्ये, उलटे चला. तुम्हाला सवय आहे."

ती गल्ली दुपारपर्यंत पूर्ण लागली. प्रत्येक दाराशी त्या चिठ्ठीतले नाव मोठ्याने वाचत होत्या. एका दारातून नातवाचे उत्तर आले, "जी, हमारे दादा थे." कुमुदताईंनी ती चिठ्ठी दोन्ही हातांनी पुढे धरली. त्या घरचा चहा आम्ही उभ्यानेच घेतला.

अजून तीन गल्ल्या बाकी आहेत. कुमुदताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. समितीने कृपया नोंद घ्यावी की चूक माझी होती, आणि ती निस्तरताना त्या बरोबर असल्यामुळे मला मुळीच घाई नाही.

श्रीनिवास आठल्ये
मयूर विहार, दिल्ली
गुढीपाडवा