येते हं, नाना

माझ्या काकूंनी आयुष्यात कुणालाही 'जाते' असं सांगितलं नाही. आपल्याकडे निघताना सगळेच 'येतो', 'येते' म्हणतात, त्यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. पण आपण ते माणसांना म्हणतो आणि मराठीत म्हणतो. काकू बँकेतल्या मुलीला म्हणायच्या, बसच्या ड्रायव्हरला म्हणायच्या, किचनच्या खिडकीतल्या तुळशीला म्हणायच्या. समोरच्याला मराठी येत नसेल तर इंग्रजीत म्हणायच्या, "ओके, आय कम," आणि निघून जायच्या. इथल्या, म्हणजे विद्यापीठाच्या नव्हे, मेपलच्या देशातल्या केंब्रिजला गाड्यांच्या कारखान्यात त्यांनी बरीच वर्षं तयार गाड्यांची दारं तपासायचं काम केलं. तिथला सुपरवायझर सुरुवातीला म्हणे शिफ्ट संपली तरी त्यांची वाट बघत उभा राहायचा. येते म्हणाली आणि बाई गेली कुठे?

बरं, त्या 'येते'ला उत्तर लागायचं. नुसतं 'ओके, बाय' चालायचं नाही. आपण 'या' म्हणेपर्यंत काकू एक बूट घालून दारात उभ्या. मार्कहॅमला आमच्याकडे आल्या की जानेवारीच्या थंडीत दार सताड उघडं, आणि मी आपला फोनमध्ये डोकं घालून बसलेलो. मग आतून आमची बायको ओरडायची, "अहो, या म्हणा ना लवकर! घर गार पडतंय!" काकूंना त्याचं काही नाही. "निघणाऱ्यानं येते म्हणायचं, राहणाऱ्यानं या म्हणायचं," त्या सांगायच्या. "अर्धं माझं, अर्धं तुझं. तू तुझं अर्धं बोल, मी निघते."

काका गेले तेव्हा मला त्यांचं दुःख दिसलं ते एका शब्दात. त्यांच्या घरातला 'अहो' एकदम बेवारस झाला. चहा झाला की त्या सवयीनं "अहो..." म्हणायच्या आणि मग पुढचं वाक्य मायक्रोवेव्हकडे बघून पुरं करायच्या. पुढे कारखान्यातूनही निवृत्त झाल्या. मुलगी लांब एडमंटनला. आम्हाला वाटलं, आता काकू टीव्ही बघतील, गुडघ्याला तेल चोळतील, फार तर लोणची घालतील.

काकू घोड्यावर बसल्या.

त्याचं असं झालं. कारखान्याच्या रस्त्यावर एक फार्म होता. कुंपणाच्या आत घोडे चरत असायचे. हिवाळ्यात त्यांच्या अंगावर गोधड्या, नाकातून वाफा. तिथून जाताना काकू गाडीची काच अंमळ खाली करून रोज त्यांना "येते हं" म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर एके दिवशी त्यांनी गाडी थेट त्या फार्मच्या आत वळवली. मी विचारलं, "काऊन बाप्पा?" काकू नागपूरच्या, त्यांच्याशी बोलताना माझीही जीभ तिकडे वळते. त्या म्हणाल्या, "अरे दिनू, इतकी वर्षं नुसतंच येते, येते म्हणत गेले. म्हटलं, आता एकदा खरंच जावं."

फार्मची मालकीण जोन. उंच, वाळकी, शब्द जपून वापरणारी बाई. तिनं काकूंना तरुण, चमकदार घोडे दाखवलेच नाहीत. कोपऱ्यात एक तपकिरी घोडा उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. तोंडावरचे केस पांढरे, पाठ किंचित खोलगट. पूर्वी मोठमोठ्या शोमध्ये फिरलेला. "नवशिक्यानं जुन्या घोड्यावर शिकावं," जोन म्हणाली. "त्याला सगळं माहीत असतं. तुम्ही फक्त त्याच्या मधे येऊ नका." काकूंनी वय विचारलं. विशी ओलांडलेला, म्हणजे माणसाच्या हिशेबात सत्तरीचा, हे कळल्याबरोबर त्यांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढली. "माझ्यापेक्षा मोठे आहेत. यांना अरे-तुरे कसं करू?"

कागदोपत्री त्याचं नाव जंटलमन की काहीसं होतं. काकूंनी नाव ठेवलं नाना. आणि बेवारस 'अहो'ला घर मिळालं.

"अहो नाना, पाय उचला बघू." "अहो नाना, आज वारा आहे, जरा सांभाळून." मीही मग त्यांना आदरार्थीच बोलायला लागलो, ते आजतागायत. कुरणाच्या टोकाला चरणाऱ्या नानांना बोलवायचं झालं की काकू फाटकाशी उभ्या राहून हाक मारायच्या, "याऽऽ, नाना, याऽऽ." जोनला आधी कळेना. या देशात दर दुसरं माणूस 'या, या' करत मान डोलावतं, तेव्हा ही बाई घोड्याला नक्की कशाबद्दल होकार देते आहे? पण नाना यायचे. जोनच्या शिट्टीला ढिम्म हलायचे नाहीत, आणि त्या लांबवलेल्या 'या'ला कान टवकारून, धुक्यातून संथ पावलं टाकत, कुणाच्या तरी घरी सत्यनारायणाला निघाल्यासारखे यायचे. महिन्याभरात जोननं शिट्टी खुंटीला टांगली आणि तीही 'याऽऽ' म्हणायला लागली. फक्त तिच्या तोंडून ते जरा नाकात यायचं.

मी दर रविवारी मार्कहॅमहून गाडी मारत मदतीला जायचो. मदत म्हणजे बादली धरणे. माझ्या पोटाकडे एकदा बघून जोननं मला घोड्यावर बसण्याबद्दल कधीही विचारलं नाही. नानांनीही सुटकेचा निःश्वास सोडला असावा. खिशात गाजरं ठेवायची हे माझं खातं. त्यामुळे नानांचं आणि माझं नातं सरळ होतं.

काकू हळूहळू शिकल्या. हेल्मेटमध्ये अंबाडा बसेना म्हणून या वयात पुन्हा वेणी घालायला लागल्या. नानांचे सांधे आखडलेले आणि काकूंचा गुडघा, तेव्हा दोघं आधी बराच वेळ नुसतीच चालायची. "आम्हा दोघांनाही तापायला वेळ लागतो," त्या म्हणायच्या, "जुन्या कुकरसारखं." पुढे जोननंच सुचवलं की जवळपासच्या गावांत जत्रा भरतात, तिथे रिंगणातल्या साध्या क्लासमध्ये, म्हणजे स्पर्धेत, उतरून बघा. त्यात शर्यत नसते, उड्या नसतात. घोडा कसा चालतो, दुडकतो, धावतो, कसा राखलाय, त्याची वागणूक कशी आहे, हे परीक्षक बघतात. शेवटी सगळ्यांनी ओळीत शांत उभं राहायचं आणि फाटकातून बाहेर यायचं. काकूंना ते फार आवडलं. "म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रमच की! फरक एवढाच की इथे कुणाला गायला सांगत नाहीत."

पण घोड्यांच्या डॉक्टरांनी नानांचे पाय वाकवून, दुडकवून बघितलं आणि म्हणाले, हा उन्हाळा ठीक आहे. पुढच्या वर्षी रिंगणात नेऊ नका. त्या दिवशी काकू गाडीत म्हणाल्या, "मला बक्षीस नको रे. एकदा रीतसर आत जायचं, सगळं करायचं आणि रीतसर बाहेर यायचं. एवढं एक त्यांच्याबरोबर पुरं व्हावं." नंतर त्यांनी विषय काढला नाही, पण मला माहीत होतं, सगळा उन्हाळा त्या एवढंच मागत होत्या.

पहिल्या जत्रेच्या सकाळी आम्ही उजाडताना पोचलो. गवतावर दव, ट्रेलरांच्या मागे घोड्यांच्या नुसत्या आकृत्या, कुठेतरी तळणाचा वास. काकूंनी नानांच्या आयाळीच्या बारीक बारीक वेण्या घातल्या, इतक्या रेखीव की शेजारच्या ट्रेलरची बाई बघायला आली. खुरांना लावायला लोकं डबीतलं मलम आणतात. काकूंकडे खोबरेल. ते पहाटेच्या गारठ्यानं दगड झालेलं, म्हणून मला बाटली जॅकेटात पोटाशी धरून बसायला सांगितलं होतं. "तुझ्या पोटाचा काहीतरी उपयोग होऊ दे," म्हणाल्या. झाला. नानांचे खूर चमकायला लागले आणि आम्हा तिघांना लग्नघरासारखा वास.

क्लास सुरू झाला. मी कुंपणाला टेकून उभा. चालण्याची फेरी छान झाली. दुडकण्याची सुरू झाली, आणि माझ्यासमोरून जाताना काकू हेल्मेटखालून हसल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "येते हं!"

आणि मीही सवयीनं म्हणालो, "याऽऽ काकू, सावकाश या."

नाना जागच्या जागी थांबले. वळले. शांतपणे कुंपणापाशी आले, मान वरून माझ्याकडे टाकली आणि जॅकेटच्या खिशात तोंड घातलं. मागचे घोडे दोन्ही बाजूंनी वाट काढत गेले. काकूंनी टाचा मारून पाहिल्या, "अहो नाना, चला ना, लोक बघताहेत," करून पाहिलं. नानांना बोलावलं होतं, ते आले होते, आता पाहुणचार झाल्याशिवाय कुठे जायचं? शेवटी परीक्षकबाईंनी टोपी सावरत हसू दाबलं आणि रिंगणात मधे उभ्या असलेल्या मदतनिसानं लगाम धरून त्यांना बाहेर आणलं.

जमीन दुभंगली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणजे माझ्या आकाराची दुभंगायला वेळ लागला असता, पण तरी. काकू उतरल्या, गुडघा चोळला, आणि हसत सुटल्या. "तुझं काय चुकलं रे? मी येते म्हटलं, तू या म्हटलंस, ते आले. तिघंही रीतीला धरून वागलो." पण ट्रेलर बंद करताना त्यांनी नानांच्या मानेवर बराच वेळ हात ठेवला होता, तो मी बघितला.

सप्टेंबरच्या शेवटी आणखी एक जत्रा होती. त्यानंतर थंडी, आणि मग काही नाही. जोननं माझ्यासाठी सरळ उपाय काढला, मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत काचा बंद करून बसावं. मी लगेच कबूल झालो. काकू नाही झाल्या. "छे! कुणीतरी उभं असावं लागतं. नाहीतर येते म्हणू कुणाला?"

"काकू, म्हणूच नका ना! एक दिवस."

"न म्हणता कशी जाऊ?" त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या.

तेव्हा मी माझ्या स्वभावाला शोभेल असा मार्ग काढला. फाटकाशी गेलो, आणि क्लास सुरू व्हायच्या आधी एक अख्खा डोनट तोंडात कोंबला.

काकू आत जाताना थबकल्या. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, ऊन त्यातून दुधासारखं झिरपत होतं. "येते हं," त्या म्हणाल्या. नानांचा डावा कान माझ्याकडे वळला आणि तसाच राहिला. वाट बघत. माझे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, जीभ साखरेत रुतलेली. मी नुसती मान डोलावली. कान हळूच पुढे गेला.

ते चालले, दुडकले. आणि मग माइकवरून धावायला सांगितलं आणि नाना धावायला लागले. मी इतक्या वर्षांत पाहिलेली ती सगळ्यात सावकाश धाव असेल. बाकीचे घोडे पुढे निघून जात होते आणि हे दोघं त्यांच्याच कुठल्यातरी दुपारी झोपाळ्यावर बसल्यासारखे, वर, खाली, वर, खाली. पाठीवर काकूंची वेणी त्याच लयीत. मेपलची पानं नुकती तांबडी होऊ लागली होती, आवाज सगळे लांब गेले होते. मला वाटलं, हे आता थांबणारच नाही. मग सगळे ओळीत उभे राहिले. नाना पुतळ्यासारखे. परीक्षकबाई त्यांच्याशी क्षणभर थांबून काहीतरी म्हणाल्या. बक्षिसाच्या फिती दुसऱ्यांना मिळाल्या.

सगळ्यांच्या शेवटी ते दोघं फाटकाकडे आले. आता डोनट संपला होता.

"या," मी म्हणालो. "या काकू. या नाना. याऽऽ."

आणि ते आले, रीतसर, फाटकातून. काकूंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी विचारलं, परीक्षकबाई काय म्हणाल्या? "म्हणाल्या, लव्हली मॅनर्स. मी म्हटलं, ते घरचेच तसे आहेत."

नोव्हेंबरमध्ये गुडघा फारच धरला आणि काकू हिवाळ्यापुरत्या मुलीकडे एडमंटनला निघाल्या. आधी फार्मवर गेलो. नानांच्या कपाळाला कपाळ लावून त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, बादली धुवायला लांब गेलो. विमानतळावर मात्र सिक्युरिटीच्या रांगेतून त्या मागे वळल्या. "दिनू, येते हं." मी मोठ्यानं "या" म्हणालो. तिथला माणूस मला म्हणाला, "या?" मी म्हटलं, या.

काकू तिकडेच, फेब्रुवारीत, झोपेत गेल्या. आम्ही सगळे घोड्याचे सांधे तपासत बसलो होतो. काकूंना तपासायचं कुणाला सुचलं नाही.

नाना आहेत. दात झिजलेत, चारा भिजवून द्यावा लागतो, पाठीवर कुणी बसत नाही. मी अजून रविवारी जातो. फाटकाशी उभा राहून हाक मारतो. ते धुक्यातून येतात, गाजर घेतात, आणि मग मान उंच करून माझ्या मागे, गाडीकडे, जरा वेळ बघतात. मी घाई करत नाही.

परवा निघताना म्हणालो, "येतो हं, नाना." आणि उगाच उभा राहिलो, एक पाय गाडीत टाकून. तेवढ्यात तबेल्याच्या दारातून जोननं हाक दिली, नाकातून, लांबवून, "याऽऽ."

ती त्यांना भिजवलेल्या चाऱ्यासाठी बोलावत होती. नाना वळून निघालेही. पण मी आपलं ते माझंच समजलो, आणि निघालो.