विमानाला भोकं पाडू नका

माझ्या मुलीची हवाई दलात निवड झाली, तेव्हा सगळ्यात आधी खोटं मी बोललो.

मी सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवतो. प्राजक्ता, माझी लेक, फिजिक्समध्ये एमएससी. तिला फौजेत जायचं होतं आणि विज्ञानही सोडायचं नव्हतं. भूदल, नौदल, हवाई दल अशी सगळीकडची माहिती काढून शेवटी तिनं हवाई दलातली हवामान शाखा निवडली. मी लढाऊ विमानाचं सुचवून पाहिलं. (मला स्वतःला जत्रेतल्या पाळण्यात चक्कर येते.) ती शांतपणे म्हणाली, "बाबा, विमान उडवाचं का नाही, हे आधी हवामानवालेच सांगतेत."

मला पटलं होतं. पण पांढुर्ण्याचे माझे साळे सुधाकरराव पेढा तोंडात टाकत म्हणाले, "भाऊजी, पाऊस येते का नाही हे तं आमचा गडीही सांगते. त्याच्यासाठी फौजेत कायले जा लागते?"

झालं! पेढा त्यांच्या घशाखाली उतरला, त्यांचं बोलणं काही माझ्या उतरेना. दुसऱ्या दिवसापासून जो विचारेल त्याला मी सांगू लागलो, की पोरगी विमान चालवणार.

आता एवढं सांगितल्यावर फ्लेक्स लावणं आलंच. आमच्याकडे दहावी काठावर पास झालेल्याचाही लागतो! मी पांढुर्ण्याहून चांगला घराएवढा छापून आणला. खाली लढाऊ विमान, वर हेल्मेट घातलेली प्राजक्ता आणि कोपऱ्यात हात जोडून मी. तो घरासमोर बांबूंवर उभा केला, शेजारी सत्काराचा मांडव घातला. मुलीला चकित करायचं म्हणून तिला काहीच कळवलं नाही.

सत्काराच्या दुपारी ती नागपूरच्या हॉस्टेलवरून बसनं आली. फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली.

"बाबा, तुमाले माह्या कामाची लाज वाटून राहिली काय?"

मी मांडवाची दोरी ओढू लागलो. दोरी आधीच घट्ट होती. इतकी वर्षं वर्गात मोसमी वारे शिकवले, पण तिच्या डोळ्यांत बघायची हिंमत होईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं पश्चिमेकडे पाहिलं. "जोराचा वारा येऊन राहिला. फ्लेक्सले भोकं पाडा, नाही तं उतरवा."

वारा आरपार जावा म्हणून फ्लेक्स मधूनमधून कापतात, हे मलाही माहीत होतं. पण भोकं नेमकी विमानाला पडली असती, एखादं तिच्या नाकावर! सत्कार झाला की पाडू, असं म्हणून मी तिला आत पिटाळलं.

सुधाकरराव माइकवर "आमची भाची आकाशात" इथपर्यंत आले आणि वारा आला. फ्लेक्स फुगला, बांबूंसकट उचलला गेला आणि मांडवाचं कापड सोबत घेऊन रस्त्यापलीकडच्या संत्र्याच्या बागेत उतरला. (कोणाला लागलं नाही. हारांचं तबक मात्र गेलं.) सगळी पाहुणेमंडळी ओसरीत दाटीवाटीनं उभी. तिथंच मी सांगून टाकलं, की पोरगी विमान चालवणार नाही, हवामान सांगणार आहे. आत्ताही तिनं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. बोलताना माझे कान तापले होते.

सुधाकरराव हळूच भाचीजवळ सरकले. "पोरी, उद्या हवामान कसं राहीन? संत्रा तोडाले मजूर सांगून ठेवले."

ती त्यांना समजावत बसली, मी फ्लेक्स गोळा करायला बागेत गेलो. विमान झाडावर अडकलं होतं. कोपऱ्यातला मी खाली पाटाच्या चिखलात, अजून हात जोडून. आमच्या घराण्यात विमान आजवर एकानंच उडवलंय, आणि तेही हवामान धुडकावून. भूगोलाच्या मास्तरानं.