भामाबाईच्या मळईवरची मगर

पलूसच्या अंगाला कृष्णा एक मोठं वळण घेते. तिथंच ओढा तिला मिळायला येतो. पण सरळ येईल तर शपथ. लव्हाळ्यातून दोन-तीन फाटे फोडत, चिखलात लोळत येतो. पूर उतरला की त्या फाट्यांच्या मधे काळा, लोण्यासारखा गाळ मागं राहतो. ती मळई. तिच्यावर बगळे उतरतात, टिटव्या ओरडतात आणि माणसं भांडतात.

भांडणाऱ्यांत भामाबाई पहिली. साठी उलटलेली, एकटी, अंगानं काटकुळी. पोट मळईतल्या वांग्यांवर, आणि तोराही त्याच वांग्यांवर.

पूर दर साली बांध पुसून टाकतो. म्हणून दिवाळीच्या सुमाराला घाटाच्या शेवटच्या पायरीपासून बैलाचा कासरा धरायचा आणि कासऱ्यावर कासरा टाकत आपली मळई मोजून घ्यायची, अशी तिथली रीत. कासरा ज्याचा त्यानं आणायचा. शेजारच्या लालासाहेबाचा कासरा वीतभर जास्त लांब असायचा, भामाबाईचा दोन वीत. त्यामुळं दोघांच्या मधला ओलसर पट्टा, सगळ्यांत कसदार, दर साली दोघांचाही व्हायचा आणि पडीक राहायचा.

यंदा मात्र नदीनं भामाबाईची बाकीची मळई खरवडून नेली. उरला तो पट्टाच. घरामागच्या वाफ्यात वांग्याच्या रोपांचं तरू लावणीला आलेलं. आठ दिवसांत लागलं नाही तर वर्ष गेलं.

मोजणीला दोघं कासरे घेऊन उतरले, तर पट्ट्यावर सात-आठ हातांची मगर जबडा उघडून ऊन खात पडलेली. लालासाहेब घाट चढला, तो पाठ न फिरवता, उलट्या पावलांनी.

गाव गोळा झालं. फॉरेस्टचा माणूस आला. म्हणाला, "तिला कुणी डिवचू नका. ऊन खाऊन जाईल आपली. पट्टा कुणाचा? त्यानं लक्ष ठेवायचं."

लालासाहेबानं झटक्यात बोट केलं. "हिचा! आज्या-पंज्यापासनं हिचाच हाय."

"नीट बगून बोला, भावजी."

"बगायचं काय त्यात, वैनी? माजा पाय बी न्हाई तितं!"

"ऐकलंसा न्हवं समद्यांनी?" भामाबाई पदर खोचून पुढं आली. "व्हय सायेब, माजाच हाय. ल्ह्या माजं नाव."

दोन दिवस ती पायरीवर बसून मगरीचं वेळापत्रक बघत होती. चिखल तापला की मगरबाई बाहेर, काठाची सावली पडली की पाण्यात. तिसऱ्या दिवशी उजाडताच भामाबाई तरू घेऊन उतरली. पाण्याकडं तोंड करून लावत गेली. मगरीची चाहूल लागून टिटवी ओरडली की हातातलं रोप तसंच धरून पायरीवर. असं पाच सकाळी चाललं आणि पट्टा हिरवा झाला.

माघात वांगी काटेरी, तुकतुकीत लागली. राखणीला माणूस नको, कुंपण नको. लालासाहेब घाटावर आला.

"वैनी, भरताला चार वांगी द्या की."

"जावा की, तोडून घ्या. तुमास्नी कोण आडवतंय?"

उन्हं वर आली होती. लालासाहेबानं मळईकडं बघितलं आणि पायरीवरच बसला.

"लय वंगाळ बाई हाय तुमी."

भामाबाई पोटभर हसली. मग टोपलीतली चार वांगी निवडून, पाचवं वर टाकून, तिनं त्याच्या पिशवीत घातली.