चादरीचं दुसरं टोक

माझ्या सुनेला मी भिंगरी म्हणते. तोंडावर नाही, मनातल्या मनात. ती बसलेली मी वीस वर्षांत फार तर जेवताना पाहिली असेल, तेही एक गुडघा वर, उठायच्या तयारीत. हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला आहे. दिवसभर चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, आणि घरी आली की तेच हात आमच्या टॉवेलांवर. काहीच सापडलं नाही तर वर्तमानपत्राची घडी घालते, मी वाचत असले तरी.

लहानपणी शाळा अर्धवट सुटली त्याची तिला रुखरुख. म्हणून एकोणचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या शाळेत नाव घातलं. गणित जमलं, बाकीचंही रेटलं. अडलं ते निबंधापाशी. ‘माझे काम’ हा निबंध सरांनी दोनदा परत केला. येत्या सोमवारी तिसराही पसंत पडला नाही, तर सर परीक्षेला नावच पाठवणार नव्हते.

पहिला तिने गाइडातून उतरवला होता. त्यात कष्टाने मानवी जीवनाला तेज वगैरे चढत होतं. दुसरा माझ्या मुलाने सुधारून दिला. तो कचेरीत पत्रं टाइप करतो, त्यामुळे धुलाईघरात ‘सविनय’ आणि ‘उपरोक्त’ शिरले. सरांनी खाली तांबड्या शाईने लिहिलं, ‘स्वच्छ आहे. पण हा कुणाचाही असू शकतो. यात तुम्ही कुठे आहात?’

रविवारी सकाळपासून तिच्या खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा येरझाऱ्या.

“मी कुठे आहे म्हणजे काय? वर नाव घातलंय की ढळढळीत!”

“बैस जरा. मला गरगरतंय तुझ्याकडे बघून.”

“मग डोळे मिटा, आई.”

मुलगा म्हणाला, “उपरोक्त काढू नकोस. वजन येतं त्याने.”

“वजन मी रोज उचलते. ओलं.”

दुपारपर्यंत तिने पाच कागद फाडले. फाडलेल्यांच्याही घड्या घातल्या, मग टोपलीत टाकले. शेवटी वही मिटून म्हणाली, “उद्या सांगून टाकते, माझं नाव काढा म्हणून.” आवाज चढला असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. तो अगदी सपाट होता.

मी तीन इयत्ता शिकलेली. निबंधातलं मला काय कळणार? मी दोरीवरची मोठी चादर काढली आणि एक टोक तिच्यापुढे केलं. “धर.”

मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. दोघींनी टोकं धरायची, ताणायची, समोरासमोर चालत यायचं, टोकं एकीच्या हातात द्यायची. हे तिनेच मला शिकवलं. आणि घडी घालताना ती बोलते. तिला स्वतःला ते ठाऊक नसावं.

“हिरव्या चादरी ऑपरेशनच्या,” ती चालत आली. टोकं माझ्या हातात दिली. “त्या धुताना कुणी गाणं म्हणत नाही.” मागे गेली. “परवा अभ्र्यात एका आजोबांची कवळी सापडली. तीन मजले चढून नेऊन दिली. आधी तोंडात बसवली, मग थँक्यू म्हणाले. बिनदातांचं म्हणायचं नव्हतं त्यांना.”

“थांब. हे लिही.”

“हे? असलं निबंधात घालतात का?”

“सर विचारतायत ना तू कुठे आहेस? तिसऱ्या मजल्यावर, कवळी घेऊन.”

तिने टोक माझ्या हातात कोंबलं. मग वहीकडे धावली आणि उभ्यानेच लिहिलं. परत आली, टोक धरलं, बोलली, पुन्हा धावली. सहा चादरी संपल्या, तेव्हा मी पहिली उलगडली. संध्याकाळपर्यंत माझे खांदे भरून आले.

तिने वाचून दाखवलं. मी खुशीत मान डोलावत होते, तेवढ्यात आलं, ‘घरी दुसरं टोक माझ्या सासूबाई धरतात. त्या सैल धरतात, म्हणून घडी वाकडी येते. धुलाईघरात हे चालत नाही.’

“हे काढ.”

“खरं आहे, आई.”

“वीस वर्षांत कधी बोलली नाहीस!”

“वीस वर्षं तुमची पाठ फिरली की पुन्हा घालतेय.”

मुलाला हसू फुटलं. माझा चेहरा पाहून तो चहा टाकायला पळाला.

तिने पेन त्या ओळीवर धरलं. टोक कागदाला टेकलंसुद्धा. मग तिने टोपण लावलं. “राहू दे, आई. हे काढलं तर पुन्हा कुणाचाही होईल.”

तिला लिहायला मीच बसवलं होतं. म्हणजे उभं केलं होतं.

सोमवारी ती शाळेतून आली आणि चक्क खुर्चीत टेकली. नाव परीक्षेला गेलं. माझ्या सैल टोकाखाली सरांनी तांबडी रेघ ओढली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘आता दिसलात.’

सरावासाठी पुढचा विषय दिलाय ‘माझे कुटुंब’. तेव्हापासून खिडकी ते दार, दार ते खिडकी मी करते आहे.

“बसा की जरा, आई,” वहीतून मान वर न काढता ती म्हणते.