पाचापैकी किती

जगात कुठलीच गोष्ट दिसते तशी नसते आणि ऐकू येते तशी तर नसतेच नसते, असं माझ्या आत्याच्या धाकट्या दिरांचं ठाम मत आहे. भाजीवाल्यानं न मागता मेथीची जुडी स्वस्त दिली, तर काका ती घरी नेऊन सुतळी सोडून आतून बघतात. पावसाचा अंदाज चुकला तर ते हसतात. खरा ठरला तर मात्र त्यांना संशय येतो. मूळचे माण तालुक्यातले. फौजेत सिग्नलला होते, सारी नोकरी कानाला हेडफोन लावून झाली. मिरजेतल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर इंटरनेटवरचं रेडिओ स्टेशन काढलं, दिवसभर नुसतं रॉक वाजवणारं, आणि प्रॉडक्शन सांभाळायला काकांना नेमलं. सतारी-तंबोऱ्यांच्या गावात रॉक कोण ऐकणार, असं लोक विचारायचे. काका म्हणायचे, "ऐकणारे लय हायत. पन का ऐकत्यात, त्ये बघाया पायजे."

माझ्या कॉलेजात शेवटच्या वर्षी तीन महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची होती. सर्टिफिकेट नाही तर निकाल नाही. आत्यानं शब्द टाकला, काकांनी स्वतः फोन करून मला सांगलीहून बोलावलं आणि पहिल्या दिवशी दारातच अडवून विचारलं, "तुला कुणी धाडलं?"

"काका, तुम्हीच बोलावलंत की."

"त्ये मला ठाव हाय. त्याच्या आदी कुणी?"

घरी जाताना काका मिक्सरच्या प्रत्येक बटणावर ज्वारीचा एकेक दाणा ठेवून जात. सकाळी दाणा खाली दिसला की कुणीतरी हात लावला म्हणायचं. पहिले आठ दिवस तो कुणीतरी मीच होते. पुढे कळलं, की काका गेल्यावर डॉक्टर येऊन आपल्या आवडीची गाणी मोठ्यानं लावतात आणि त्या ढोलांच्या दणक्यानं दाणे घरंगळतात. काकांनी माझी माफी मागितली नाही. मला ते दाणे मोजून परत ठेवायचं काम दिलं, ती बढती होती असं मी समजते.

आलेली प्रत्येक फाइल ते डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे. वर काय लिहिलंय ते बघायचेसुद्धा नाहीत. वडूजच्या पोरांच्या बँडनं एकदा 'जत्रेतलं थेट रेकॉर्डिंग' म्हणून गाणं पाठवलं. काकांनी ऐकलं आणि त्यांना फोन लावला. "जत्रा म्हंता, आन् एक कुत्रं न्हाई? पोरगं हरवल्याची सूचना न्हाई? कंची जत्रा ही?" पोरं दोन मिनिटं तग धरून होती. मग कबूल झाली, की कुणाच्या तरी मामाच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये वाजवलं आणि टाळ्या नंतर चिकटवल्या.

रेकॉर्डिंगआधी माइकवर बोलून ते विचारायचे, "पाचापैकी किती?" आवाज किती स्वच्छ येतोय ते आकड्यात सांगायची ही त्यांची फौजेतली सवय. मी पहिल्यांदा उत्साहानं "पाच" म्हटलं, तर हेडफोन काढून माझ्याकडे बघत राहिले. "पाच कवाच नसतंय. पाच म्हननारा एक तर ऐकत न्हाई, न्हाई तर काय तरी लपवतोय." तेव्हापासून मी चार म्हणायला लागले.

दुसऱ्या महिन्यात घरघर सुरू झाली. प्रत्येक रेकॉर्डिंगमागं बारीक घरघर येते, असं काकांचं म्हणणं. आधी पंख्यावर आळ आला, मग खालच्या एक्स-रे मशीनवर. दोघंही निर्दोष सुटल्यावर पाळी माझी. माझा मोबाइल बंद झाला, हातातल्या बांगड्या उतरल्या. "मला काही ऐकू येत नाही," म्हणून मी रोज भांडायची. शेवटी ते म्हणाले, "घरघर जाईस्तवर तुझ्या सर्टिफिकेटवर सही न्हाई." मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग एका दुपारी ते हेडफोन लावून, डोळे मिटून बसले होते. बोट वर केलं आणि म्हणाले, "आली. ही बग, आली." वायर तपासायला मी हेडफोनची पिन काढली होती. ती माझ्या हातात होती.

मी पिन हळूच परत लावली आणि म्हटलं, "हो काका, येतीय खरी." त्यानंतर मी रोज फाइल घ्यायची, तासभर काही न करता बसायची आणि "काढली" म्हणून तीच परत द्यायची. काकांचं त्या हेडफोनशिवाय काय होणार, एवढंच डोक्यात असायचं. सर्टिफिकेटचं भांडण मी विसरूनच गेले होते.

चौथ्या दिवशी काकांनी मला माइकपुढं बसवलं आणि स्वतः काचेपलीकडं बसले. "आज तू इच्यार," म्हणाले.

"काका, पाचापैकी किती?"

त्यांनी हेडफोन नीट बसवले, डोळे मिटले. मग म्हणाले, "तीन. डाव्या कानानं दोनच." आणि हेडफोन काढत, "येवढी भांडकुदळ पोरगी गुमान व्हय म्हनाया लागली, तवाच मला संशय आला."

डॉक्टरांना त्यांनी स्वतःच सांगितलं. कानाच्या तपासणीला गेले, मशीनवर संशय घेऊन परत आले. माझ्या सर्टिफिकेटवर सही केली, करण्याआधी मजकूर दोनदा वाचला, आणि गावी निघून गेले. जाताना ज्वारीची पुडी माझ्याकडे दिली.

आता काकांची खुर्ची माझी आहे. रोज संध्याकाळी काकांचा फोन येतो: "आज दुसऱ्या गान्यात घरघर हुती." मी ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते. काही नसतं. "नव्हती, काका," एवढंच सांगते. आता खोटं बोलत नाही. परवा मात्र ती खरंच होती. बारीक, मागं, अगदी ते सांगायचे तशीच. मला इतका आनंद झाला, की लगेच फोन लावला.

काकांनी आधी गाणं कुठलं ते विचारलं. मग म्हणाले, "खरं सांगतीयास, का माझ्यासाठी म्हनतीयास?"

"खरं, काका."

"मग वायर बग."

बघितली. पिनेपाशी सैल होती. तसं कळवलंही, पण त्यांना अजून पटलेलं नाही, आणि त्यात चूक माझीच आहे.